मुंबईत शिकायला आलेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. परभणीहून मुंबईला येऊन पहिले सत्र संपत आले, तरी माटुंग्याचे वसतिगृह, महाविद्यालय आणि दादरचा बाजार यांच्यापलीकडे आपण शहर पाहिलेच नाही, ही खंत तू मोकळेपणाने लिहिलीस आणि शेवटी माझ्याकडे एक यादी मागितलीस. कला आणि संस्कृती म्हणून मुंबईत काय काय पाहावे, कोणत्या रविवारी कोठे जावे, म्हणजे पदवी हाती येईपर्यंत सगळे पाहून होईल, अशी ती यादी तुला हवी आहे. ती करणे अवघड नाही, पण मी ती पाठवत नाही. अशा याद्या घेऊन फिरलेली पुष्कळ मुले मी शिकवत असताना पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांजवळ वर्षभराने ठिकाणांची नावे आणि दारापाशी काढलेली छायाचित्रे यांखेरीज फारसे काही उरलेले नसे. ज्यांच्यात खरोखर काही रुजले ती मुले थोड्याच जागी गेली, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा गेली. तूही तसेच करावेस असे मला वाटते, आणि ते का, हे आज जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या पत्रातल्या एका प्रसंगाविषयी लिहिले पाहिजे. काळा घोडा परिसरातल्या एका कलादालनाच्या काचेच्या दारापर्यंत तू गेलीस, आत इंग्रजीत बोलणारी टापटीप मंडळी दिसली, रखवालदाराने तुझ्याकडे पाहिले, आणि तू परत फिरलीस. बाहेरगावाहून आलेल्या बहुतेक मुलांना हा संकोच वाटतो आणि त्याविषयी ती कोणाजवळ बोलत नाहीत. तू बोललीस याचे मला बरे वाटले. आज अशा दालनांत ज्यांची चित्रे मोठ्या आदराने लावली जातात, ते चित्रकार कोण होते हे तू जाणून घे. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे या तरुणांनी एकत्र येऊन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. यांतले आरा लहानपणी घर सोडून मुंबईत आले होते आणि लोकांच्या घरी नोकर म्हणून राबत होते. हुसेन सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरत. रझा मध्य प्रदेशातून आलेले, छपाईचे ठसे तयार करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी करून उरलेल्या वेळात चित्रे काढत. गोव्यातल्या साळगावच्या सूझांना ‘छोडो भारत’ चळवळीतल्या सहभागामुळे कला महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले होते. ज्या शहरात शिरताना तुला परके वाटते, त्या शहराची आधुनिक चित्रकला अशा बाहेरून आलेल्या, हाती काही नसलेल्या मुलांनी घडवलेली आहे. तेव्हा दार ढकलून आत जा. रखवालदाराने पाहिले तर त्याला नमस्कार कर. तोही बहुधा आपल्यासारखाच कोठल्या तरी गावाहून आलेला असतो.

पहिल्यांदा जहांगीर आर्ट गॅलरीत गेलेले बरे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या दालनात प्रवेशशुल्क नाही, आणि तेथली प्रदर्शने साधारण आठवडाभराने बदलतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा गेलीस तरी दर वेळी नवे काही दिसेल. आत गेल्यावर सगळ्या भिंतींवरून नजर टाकत एक फेरी मार आणि मग एकाच चित्रापाशी थांब. शेजारची पाटी लगेच वाचू नकोस. आधी लांबून पाहा, मग हातभर अंतरावर जाऊन रंगाच्या कडा पाहा: एका रंगाखाली दुसरा कोठे डोकावतो, हात कोठे भरभर चालला आहे, कोठे चित्रकाराने आधीचे काही खरवडून काढले आहे. एवढे पाहून पुन्हा मागे आलीस की मघाचेच चित्र वेगळे दिसू लागेल. जहांगीरमध्ये चित्रकार पुष्कळदा स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला असतो. ‘याचा अर्थ काय’ असे त्याला विचारू नकोस, कारण या प्रश्नाला सगळेच चित्रकार कंटाळलेले असतात. ‘सुरुवात कोणत्या रंगाने केलीत’ किंवा ‘हे पुरे झाले असे केव्हा ठरवलेत’ असे विचार. मराठीत विचारायला अजिबात कचरू नकोस. असा प्रश्न आला की तो खुर्चीवरून उठतो, तुझ्याबरोबर चित्रासमोर येऊन उभा राहतो आणि बोलू लागतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे. बाहेर फुटपाथवर समोर बसलेल्या माणसाचे चित्र काढून देणारे कलावंत असतात, त्यांच्यापाशीही थोडे थांब. कोणी डोळ्यांपासून सुरुवात करतो, कोणी आधी डोक्याचा घेर आखून घेतो, आणि साम्य नेमके कोणत्या रेघेला उतरते ते डोळ्यांदेखत पाहायला मिळते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वार्षिक प्रदर्शनही सर्वांना खुले असते. तेथे तुझ्याच वयाच्या मुलांचे काम असल्यामुळे तुझी भीड लवकर चेपेल.

तू स्थापत्य अभियांत्रिकी शिकतेस, म्हणून इमारतींविषयी थोडे अधिक लिहिते. माटुंग्याहून धीम्या लोकलने तू छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतेस, ती वास्तू एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली, आणि तिच्यावरचे पुष्कळसे कोरीव काम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. रोज लाखो माणसे त्या दगडांखालून जातात, पण मान वर करून पाहायला सवड कोणाला नसते. एखाद्या रविवारी सकाळी, गर्दी कमी असताना, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहा आणि केवळ एका कमानीवर लक्ष ठेव. पाने, वेली, मोर, माकडे आणि इतर प्राणी एकेक करून दिसू लागतील. ही युरोपातल्या गॉथिक धाटणीची वास्तू असली, तरी तिच्यावरचे पशुपक्षी आणि झाडपाला इथला आहे, कारण कोरणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर तोच होता. तेथून चालत महात्मा फुले मंडईकडे, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटकडे, गेलीस तर प्रवेशद्वारांच्या वरच्या अंगाला दगडात उठवलेली शेतकऱ्यांची दृश्ये दिसतील. ती लॉकवुड किपलिंग यांनी घडवली. ते त्या काळी जे. जे. मध्ये शिकवत. याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत तुझ्या मराठवाड्यातल्या अजिंठ्याला जाऊन लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती तयार केल्या. त्यांतल्या पुष्कळशा पुढे लंडनमध्ये १८८५ साली लागलेल्या आगीत जळाल्या, याचे मला आजही वाईट वाटते. मुंबईची ही कलाशाळा आणि तुझा मुलूख यांचा संबंध इतका जुना आहे, हे तुला माहीत असावे म्हणून लिहिले.

आणखी एक फेरी मात्र तू जरूर कर, आणि ती तुझ्या अभ्यासालाही उपयोगी पडेल. ओव्हल मैदानाच्या मध्यावर उभी राहा. एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा अशी एकोणिसाव्या शतकातली दगडी रांग दिसेल, आणि समोरच्या बाजूला १९३० च्या दशकातल्या, गोलसर कोपऱ्यांच्या आणि खिडक्यांवर बारीक छज्जे असलेल्या आर्ट डेको इमारती. पहिल्या रांगेत दगडावर दगड चढवून भार खाली उतरवला आहे. दुसरीत सलोह काँक्रीट आल्यामुळे कोपरा वळवता आला, गॅलरी हवेत पुढे काढता आली. ही दोन्ही मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. तेथून जवळच, कुलाब्याच्या तोंडाशी, रीगल सिनेमा आहे. १९३३ मध्ये सुरू झालेल्या त्या चित्रपटगृहाचे वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स हे टर्मिनस बांधणाऱ्या स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. वडिलांची वास्तू आणि मुलाची वास्तू एकाच सकाळी पाहून त्यांची वहीत तुलना करणे, हा तुझ्यासारख्या विद्यार्थिनीला कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतका चांगला धडा होईल.

वस्तुसंग्रहालयांविषयी माझे सांगणे एवढेच, की एका भेटीत एकच दालन पाहा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याची इमारत पाहायलाच एक सकाळ पुरत नाही. एकदा फक्त लघुचित्रे पाहा, पुढच्या वेळी सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातली भाजक्या मातीची शिल्पे पाहा. शिक्षणसंस्थेचे ओळखपत्र जवळ ठेव, कारण विद्यार्थ्यांना अशा ठिकाणी बहुधा सवलत असते. भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र मला विशेष प्रिय आहे. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयाला १९७५ मध्ये ज्यांचे नाव देण्यात आले, ते भाऊ दाजी गोव्यात जन्मलेले, मुंबईत डॉक्टर झालेले आणि फावल्या वेळात प्राचीन शिलालेखांचे वाचन करणारे विद्वान होते. तेथल्या काचेच्या कपाटांत निरनिराळ्या जातिजमातींच्या आणि व्यवसायांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत, त्यांच्यापाशी रेंगाळायला विसरू नकोस. पागोट्यांच्या तऱ्हा पाहण्यातच पुष्कळ वेळ जातो. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीहून आणलेला आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. त्याला विलायतेला नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले आणि ते पुन्हा जोडून त्याला येथे उभे करण्यात आले. काळा घोडा परिसराला ज्याच्यामुळे नाव मिळाले तो घोडेस्वाराचा पुतळाही १९६५ मध्ये जागेवरून हलवल्यानंतर याच बागेत येऊन राहिला आहे.

आता नाटकाविषयी. मुंबईत आलेल्या मराठी विद्यार्थ्याने दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण नाटक पाहिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तू माटुंग्याला राहतेस, म्हणजे यशवंत नाट्यमंदिर तुझ्या पायाखालच्या वाटेवर आहे, आणि दादरचे शिवाजी मंदिरही लांब नाही. शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती येतात, त्या वाचायची सवय लाव. मोबाइलवरून तिकीट काढता येते, पण पहिल्या वेळी नाट्यगृहावर जा, प्लॅन, म्हणजे आसनांचा तक्ता, कोठे लागतो ते पाहा, खिडकीशी बोल. बाल्कनीचे तिकीट सर्वांत स्वस्त असते आणि विद्यार्थ्याने तेथेच बसावे. वरून सबंध रंगमंच दिसतो, नटांच्या हालचालींची आखणी दिसते, प्रकाश कोठून येतो आणि केव्हा बदलतो ते कळते. दुपारचा प्रयोग निवडलास तर परतीची चिंता राहत नाही. वेळेच्या आधी अर्धा तास पोहोच, तिसरी घंटा होण्यापूर्वी जागेवर बस, मोबाइल बंद कर आणि मध्यंतरात बाहेर येऊन बटाटावडा खात लोक काय बोलतात ते ऐक. मराठी प्रेक्षक मध्यंतरात जे बोलतो ते फार खरे असते.

एकच नाटक दोनदा पाहा. तुझ्या मर्यादित पैशांत हे तुला उधळपट्टीचे वाटेल, पण या पत्रात मी जे सांगते आहे त्याचे मर्म येथेच आहे. पहिल्या वेळी आपण गोष्टीमागे धावत असतो, पुढे काय होणार याची उत्सुकता असते, आणि म्हणून जो नट बोलत असतो त्याच्याकडेच डोळे लागलेले असतात. दुसऱ्या वेळी गोष्ट ठाऊक असते. तेव्हा बोलणाऱ्याकडे पाहू नकोस, ऐकणाऱ्याकडे पाहा. समोरच्याचे वाक्य कानी पडताना तो नट काय करतो, त्याचा हात कोठे असतो, आपले वाक्य येण्याची वाट पाहत तो नुसता उभा आहे की त्याला खरोखर आत्ताच काही कळले आहे, हे पाहू लागलीस की अभिनय म्हणजे काय ते तुला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. दोन प्रयोगांत काय बदलले तेही टिपून ठेव. एका प्रयोगाला ज्या वाक्यावर नाट्यगृह हसले, तेच वाक्य दुसऱ्या प्रयोगाला शांततेत गेले, तर ते का, हा प्रश्न आठवडाभर मनात घोळवण्यासारखा असतो. चित्रपट कितीही वेळा पाहिला तरी पडद्यावरचा नट तोच श्वास घेतो. नाटकात त्या रात्रीच्या प्रेक्षकांमुळे प्रयोग हलतो, आणि त्या प्रेक्षकांत तूही असतेस.

व्यावसायिक नाटकाबरोबर दुसरी रंगभूमीही तुला माहीत असायला हवी. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’सारख्या संस्थांनी प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली, तिने मराठी नाटकाचा चेहरामोहरा बदलला, ती शाळा दादर स्थानकाजवळच आहे, तेव्हा येता-जाता एकदा तिच्यासमोर थांब. १९७८ मध्ये जुहूला सुरू झालेल्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंनी बसतात, आणि इतक्या जवळून नटाला पाहण्याचा अनुभव मोठ्या नाट्यगृहात मिळत नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या नाट्य-संगीताच्या राष्ट्रीय केंद्रामध्येही प्रयोगशील नाटकांसाठी वेगळी जागा आहे. पण तुझ्या वयाला सगळ्यांत जवळची ती आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. तुझ्या महाविद्यालयाचे नाट्यमंडळ असेलच. तेथे जाऊन ‘मला अभिनय येत नाही, पण काम द्या’ असे सांग. नेपथ्याचे सामान उचलायला, संगीताच्या जागा सांभाळायला, अंधारात टेबल हलवायला माणसे नेहमी कमी पडतात, आणि नेपथ्य उभे करताना तुझे अभियांत्रिकीचे ज्ञान उपयोगी पडेल. विंगेत उभे राहून एक एकांकिका पाहिलीस की पुढे कोणतेही नाटक पाहताना तुला पडद्यामागचेही दिसू लागेल. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे; तिची प्राथमिक फेरी राज्यातल्या अनेक केंद्रांवर होते आणि तिकीट नाममात्र असते, त्यामुळे सुटीत घरी जाशील तेव्हा मराठवाड्यातल्या केंद्रावरही तिचे प्रयोग पाहता येतील.

येथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. कला आणि संस्कृती म्हणजे काळा घोडा आणि नरिमन पॉइंट एवढेच, अशी समजूत करून घेऊ नकोस. माटुंग्याहून भायखळ्याला जाताना तुझी गाडी परळ, करी रोड, चिंचपोकळी या स्थानकांवरून जाते, म्हणजे जुन्या गिरणगावातून जाते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा’ कलापथक उभे केले आणि कामगार वस्त्यांत शाहिरी गाजवली. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईत आले होते; अमर शेख बार्शीचे. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी आपले नमन आणि शक्ती-तुरा हे लोककलाप्रकार बरोबर आणले, आणि आजही मुंबईतल्या नाट्यगृहांत शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. पायात चाळ बांधून गोल फेर धरणारी मंडळी, एका बाजूने गाण्यातून टाकलेला पौराणिक कोड्याचा सवाल आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच तयारीने आलेला जवाब, हे पाहायला आलेले सगळे प्रेक्षक एकमेकांना गावच्या नावाने ओळखत असतात. वर्गातल्या एखाद्या रत्नागिरीच्या मैत्रिणीला सांग, ती तुला घेऊन जाईल. आणि स्वतःकडे काही नाही असेही समजू नकोस. तू जनाबाईंच्या गंगाखेडच्या जिल्ह्यातली आहेस. ओव्या, गोंधळ, भारुड, कीर्तन आणि उरसातली कव्वाली ऐकत वाढलेला तुझा कान तयार आहे. शहरात जे नवे ऐकशील ते या कानानेच ऐकायचे आहे.

शास्त्रीय संगीताची भीती वाटते, काही कळत नाही, असे तू लिहिलेस. मग पहिल्या मैफिलीत फक्त एक काम कर: सम ओळखायला शीक. तीनतालाच्या सोळा मात्रा असतात, एकतालाच्या बारा, आणि पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गायक कितीही दूर फिरून आला तरी बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, घेऊन त्याला समेवर यायचे असते. तबल्याकडे लक्ष ठेव, आजूबाजूच्या जाणत्या श्रोत्यांच्या माना केव्हा हलतात ते पाहा, आणि मांडीवर बोटांनी मोजत राहा. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात दोन समांमधले अंतर फार मोठे असते, म्हणून सुरुवातीला चुकशील. द्रुत, म्हणजे जलद लयीची, बंदिश सुरू झाली की सापडेल. गायक आता समेवर येणार हे तुला आधीच जाणवेल, त्या क्षणी तू श्रोत्यांत सामील झालेली असशील. रागांची नावे आणि घराणी यांची ओळख नंतर सावकाश होते. गिरगावात ऑपेरा हाउसच्या परिसरात प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये संगीतशाळा सुरू केली, आणि लहान वयाचे कुमार गंधर्व तेथेच शिकले. या शहरात गाणे चाळींच्या दिवाणखान्यांतून आणि लहान सभागृहांतून वाढले, आणि आजही उपनगरांतली संगीत मंडळे विनामूल्य किंवा अल्प शुल्कात बैठका ठेवतात. त्या ठिकाणी पुढे बस.

पैसा आणि वेळ यांचा विचार तुला करावाच लागेल, म्हणून महिन्याला एकच तिकीट काढायचे आणि बाकी सगळे विनाशुल्क पाहायचे, असे ठरवून टाक. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे. दादरला जाऊन त्याचे सभासदत्व घे, कारण नाटक पाहण्यापूर्वी किंवा नंतर त्याची संहिता वाचायला मिळाली तर आनंद दुप्पट होतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा कला महोत्सव असतो. १९९९ पासून होणाऱ्या या महोत्सवातले बहुतेक कार्यक्रम विनामूल्य आहेत. पण शनिवार-रविवारी तेथे इतकी गर्दी होते की चित्रापेक्षा माणसांच्या पाठीच अधिक दिसतात, म्हणून मधल्या वारी दुपारी जा. रात्रीच्या प्रयोगाला जायचे असेल तेव्हा रेक्टरना आधी लेखी कळव, एका मैत्रिणीला बरोबर घे आणि परतताना महिलांच्या डब्यातूनच ये. दुपारी मात्र कधीकधी एकटीने जा. मैत्रिणी बरोबर असल्या की आपण त्यांच्या वेगाने चालतो, आणि एखाद्या चित्रापाशी अर्धा तास थांबायची इच्छा झाली तरी थांबवत नाही.

एक जाड वही कर. तिकिटाचा तुकडा त्यात चिकटव, तारीख आणि जागा लिही, आणि त्या दिवशी पाहिलेल्या एकाच गोष्टीविषयी अर्धे पान लिही. ‘छान होते’, ‘आवडले’ असे शब्द त्यात येऊ देऊ नकोस. काय दिसले आणि काय ऐकू आले तेवढेच येऊ दे. जे कळले नाही त्याचीही नोंद कर. छायाचित्र काढायचा मोह झाला तर त्याऐवजी पेन्सिलीने दोन-चार रेघांत आकार उतरव. तुमच्या शाखेत रेखाटनाची सवय असतेच. तीच जागा सहा महिन्यांनी पुन्हा पाहून आलीस की जुने पान उघड आणि त्याच्या शेजारी नवे लिही. त्या दोन पानांतला फरक तुला कोणाही शिक्षकापेक्षा अधिक शिकवील.

सत्र परीक्षा संपली की सुरुवात कर. आधी टर्मिनसची ती एक कमान, मग जहांगीर, आणि महिनाअखेरीस शिवाजी मंदिरातला दुपारचा प्रयोग. नाटक तुझ्या आवडीने निवड. ते विनोदी असले तरी हरकत नाही. ते दुसऱ्यांदा पाहून झाले की मला सविस्तर पत्र लिही, आणि त्यात कथानक सांगू नकोस, एका नटाचे फक्त ऐकणे कसे होते ते लिही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी मुंबईत येणार आहे. तोवर जो प्रयोग तुला पुन्हा पाहावासा वाटेल त्याची दोन तिकिटे बाल्कनीची काढून ठेव. पैसे मी देईन. वही बरोबर आण.

कळावे, लोभ असावा.

तुझ्या मॅडम